क्रोम प्लेटिंगचे शोभेचे प्रकार कसे ओळखावेत आणि आरेखनावर नेमके काय लिहावे?

आरेखक

नमस्कार. एका घरगुती उपकरणाच्या दर्शनी भागांचे आरेखन माझ्याकडे आहे. पितळेची फिरवायची मूठ, झिंक डाय-कास्टिंगचे हँडल आणि एबीएस प्लास्टिकची चौकट असे तीन भाग त्यात शेजारी-शेजारी बसतात आणि तिन्ही एकाच धातूतून घडवल्यासारखे दिसावेत अशी अपेक्षा आहे. आजवर मी आरेखनावर ‘चकचकीत क्रोम’ एवढेच लिहीत आले आणि ते पुरेसे आहे असे मला प्रामाणिकपणे वाटत होते.

पहिल्या खेपेचे तिन्ही भाग वेगवेगळ्या ठिकाणी प्लेट होऊन आले. खोलीतल्या दिव्याखाली ते सारखे दिसले, परंतु उजेडात नेल्यावर मूठ निळसर पांढरी आणि चौकट किंचित गडद, करड्या-पिवळसर झाकेची असल्याचे लक्षात आले. हँडलच्या आतल्या खोबणीत पिवळट पट्टा राहिला आहे. वापरून पाहण्यासाठी बसवलेल्या काही हँडलांवर तीन महिन्यांत टाचणीच्या डोक्याएवढे फोडही आले.

नमुन्यांच्या फलकावर मला ब्राइट, सॅटिन, पर्ल, ब्लॅक, मायक्रोपोरस, ट्रायव्हॅलंट अशी अनेक नावे दिसतात. यांतली कोणती नावे दिसण्याविषयीची आहेत, कोणती टिकाऊपणाविषयीची आणि कोणती प्रक्रियेविषयीची, हे मला समजून घ्यायचे आहे. कोणता प्रकार कोणत्या उद्योगात वापरतात आणि का, हेही जाणकारांनी सांगितल्यास उपकार होतील.

निकेल_क्रोम

मी प्लेटिंगच्या टाक्यांवर प्रक्रिया-नियंत्रणाचे काम करतो, म्हणून टिकाऊपणाच्या अंगाने लिहितो. दिसण्याविषयी माझ्यापेक्षा अधिक जाण असलेले सदस्य येथे आहेत.

शोभेच्या क्रोम प्लेटिंगमध्ये क्रोमचा थर साधारण ०.२५ ते ०.५ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरच्या दोन-चार हजाराव्या भागाएवढा असतो. त्याखाली निकेल असते आणि तेही भाग कोठे वापरायचा आहे त्यानुसार ५ पासून ४० मायक्रॉनपर्यंत. डोळ्यांना जाणवणारी आरशासारखी झळाळी ही बहुतांशी या निकेलची आणि त्याखालच्या तांब्याची किंवा बफिंगची, म्हणजे घासून चकाकी आणण्याची, कमाई असते. क्रोम तिला निळसर छटा देते, हाताळताना पडणारे बारीक ओरखडे रोखते आणि निकेल हवेत काळवंडत जाते ते थांबवते. एवढा पातळ थर खालचा कोणताही दोष झाकू शकत नाही. बफिंगची राहिलेली रेघ क्रोमनंतर उलट अधिक ठळक दिसते. द्रवचालित यंत्रांच्या दांड्यांवर जे हार्ड क्रोम चढवतात ते बहुधा थेट पोलादावर आणि कित्येक पटींनी जाड असते. त्याचा येथे संबंध नाही, मात्र दोहोंचे नाव एकच असल्यामुळे गोंधळ होतो म्हणून उल्लेख केला.

आता टिकाऊपणाच्या नावांकडे येतो. क्रोमच्या पृष्ठभागावर हवेत आपोआप एक अतिसूक्ष्म ऑक्साइडचा पापुद्रा तयार होतो आणि त्यामुळे ते निकेलपेक्षा अधिक ‘उच्च’ धातूसारखे वागते. त्यामुळे ओलावा आणि मीठ मिळाले की क्रोम शाबूत राहते आणि क्रोममधल्या एखाद्या छिद्रातून उघडे पडलेले निकेल झिजू लागते. साध्या, म्हणजे रेग्युलर क्रोममध्ये अशी छिद्रे थोडी असतात. त्यामुळे गंजाचा सगळा विद्युतप्रवाह त्या मोजक्या जागी एकवटतो, तेथे खोल खड्डा पडतो आणि तो खालच्या पोलादापर्यंत किंवा झिंकपर्यंत पोचतो. यावर काढलेला उपाय प्रथम ऐकताना उलटा वाटतो: छिद्रे मुद्दाम वाढवायची. निकेल आणि क्रोम यांच्यामध्ये अतिसूक्ष्म निष्क्रिय कण असलेला निकेलचा पातळ थर दिला, तर त्या कणांच्या जागी क्रोम साचत नाही आणि दर चौरस सेंटिमीटरला १०,००० किंवा त्याहून अधिक छिद्रे मिळतात. हे मायक्रोपोरस क्रोम. क्रोममध्ये दर सेंटिमीटरला २५० हून अधिक केसाहूनही बारीक भेगा पाडल्या तर ते मायक्रोक्रॅक्ड क्रोम. दोन्हींत गंजाचा प्रवाह हजारो जागी वाटला जातो, त्यामुळे कोणत्याच एका जागी खोलवर झीज होत नाही. या भेगा किंवा छिद्रे नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. हे प्रकार साध्या क्रोमइतकेच चकचकीत असतात.

मला स्वतःला या सगळ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो तो दुहेरी निकेलचा. खाली गंधकरहित सेमी-ब्राइट निकेल आणि वर ब्राइट निकेल असे दोन थर देतात. ब्राइट निकेलमध्ये चकाकी आणणाऱ्या रसायनांमुळे थोडे गंधक मिसळलेले असते आणि त्यामुळे ते खालच्या थरापेक्षा अधिक सहज झिजते. दोन्ही थरांच्या विभवांतला हा फरक साधारण १०० ते २०० मिलीव्होल्ट ठेवतात. गंज वरून खाली येतो, दोन थरांच्या सीमेवर पोचतो आणि आणखी खाली न जाता आडवा पसरू लागतो. वरचा थर खालच्या थरासाठी स्वतःची झीज सोसतो. वाहनांच्या बाहेरच्या क्रोम भागांवर, जिथे रस्त्यावरचे मीठ आणि चिखल सतत उडतो, तिथे दुहेरी निकेल आणि वर मायक्रोपोरस क्रोम ही जोडी म्हणूनच रूढ झाली. घरातल्या खुर्च्यांच्या नळ्या, तारेचे मांडणीचे रॅक यांच्यासाठी मात्र सुमारे १० मायक्रॉन ब्राइट निकेल आणि साधे क्रोम पुरते. तिथे दुहेरी थराचा आग्रह धरणे मला अनाठायी वाटते.

पृष्ठभाग

दिसण्याविषयी मी लिहिते. वरच्या उत्तरातले तत्त्व येथेही लागू आहे: झळाळीचे बहुतेक प्रकार क्रोमच्या आधीच ठरतात.

ब्राइट म्हणजे आरशासारखा. नळ, न्हाणीघरातली उपकरणे, वाहनांच्या जाळ्या, घरगुती यंत्रांच्या मुठी या सर्व ठिकाणी हाच सर्वाधिक चालतो, कारण तो पुसायला सोपा असतो. मोठ्या सपाट भागावर मात्र तो निर्दय ठरतो: पत्र्यातली किंवा साच्यातली किंचितशी लहरही प्रतिबिंब वाकडे करून दाखवते. अशा ठिकाणी सपाटीऐवजी अगदी थोडा फुगवटा दिला तर डोळ्याला ती लहर जाणवत नाही.

सॅटिन दोन मार्गांनी मिळते आणि दोन्ही एकाच नावाने विकली जातात, ही खरी अडचण आहे. पहिल्या मार्गात धातूवर किंवा निकेलवर पट्ट्याने किंवा ब्रशने एका दिशेने बारीक रेघा ओढतात आणि मग क्रोम देतात. त्याला ब्रश्ड म्हणणे योग्य. त्यात दिशा असते, त्यामुळे शेजारच्या दोन भागांच्या रेघा जुळल्या नाहीत तर एकाच रंगाचे भागही वेगळे दिसतात. दुसऱ्या मार्गात निकेलच्या द्रावणातच असे सेंद्रिय पदार्थ घालतात की त्यांचे सूक्ष्म थेंब पृष्ठभागावर क्षणभर टेकतात, त्या जागी निकेल कमी साचते आणि थेंबाच्या आकाराच्या उथळ वाट्या तयार होतात. या पृष्ठभागाला दिशा नसते, तो मऊ, मोत्यासारखा दिसतो. फलकावरचे ‘पर्ल’ बहुधा हेच असते. थेंब लहान असले तर झाक अधिक उजळ आणि मोठे असले तर अधिक मंद होते. द्रावण जसजसे जुने होते तसतसे थेंब एकमेकांत मिसळून मोठे होतात, म्हणून सकाळचा आणि संध्याकाळचा माल जुळवण्यासाठी ते ठरावीक वेळाने गाळून ताजे करावे लागते.

मंद झळाळीचा उपयोग केवळ शोभेसाठी नाही. मायक्रोमीटर आणि व्हर्नियरच्या मोजपट्ट्यांवर सॅटिन क्रोम असते, कारण चकचकीत पृष्ठभागावर दिव्याचा झोत पडला की खुणा वाचता येत नाहीत. शस्त्रक्रियेच्या उपकरणांवरही तीव्र दिव्याखाली डोळे दिपू नयेत म्हणून मंद पृष्ठभाग पसंत करतात. वाहनाच्या आतल्या दारांच्या मुठींवर आणि पट्ट्यांवर सॅटिन येण्यामागे तेच कारण आहे: चालकाच्या डोळ्यांत ऊन परावर्तित होऊ नये.

काळ्या क्रोमविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण त्या नावाखाली वेगवेगळ्या वस्तू मिळतात. पारंपरिक काळे क्रोम हे क्रोमियम धातू आणि त्याची ऑक्साइडे यांचे मिश्रण असते. त्याचे द्रावण सल्फेटविरहित ठेवावे लागते. पृष्ठभाग मखमली काळा, प्रकाश शोषणारा असतो, म्हणून प्रकाशीय उपकरणांचे आतले भाग आणि सौर उष्णता शोषून घेणाऱ्या पत्र्यांवर तो वापरला गेला. तेथे तो ऊन मोठ्या प्रमाणात शोषतो, पण तापल्यावर उष्णता फारशी बाहेर टाकत नाही. शोभेच्या भागावर तो बोटांच्या खुणा धरतो, म्हणून वर तेल, मेण किंवा लाखेचा पातळ हात देतात. दुसरी वस्तू म्हणजे ट्रायव्हॅलंट, म्हणजे त्रिसंयुजी क्रोमियमच्या, द्रावणातून मिळणारी गडद, धुरकट, तरीही चकचकीत झाक. अलीकडे वाहनांच्या जाळ्यांवर आणि नळांवर बरेचदा हीच दिसते. तिसरी वस्तू काळे निकेल, आणि त्यात क्रोम असतेच असे नाही. मागणी लिहिताना यांतले नेमके कोणते हवे ते लिहिले नाही, तर पुरवठादाराकडे जे असेल ते येईल.

फलकावर सोनेरी किंवा तांबूस झाकही असेल तर ती बहुधा निर्वात कक्षात दिलेल्या झिर्कोनियम नायट्राइडसारख्या थराची असते आणि तिच्याखाली निकेल-क्रोम असतेच. फवारून दिलेले ‘क्रोम’ हा तर लाखेखालचा चांदीचा पातळ थर असतो. ते रंगकाम आहे, प्लेटिंग नव्हे.

आरेखक

दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोन शंका उरतात. पहिली अशी की, क्रोम एवढे पातळ असते तर मी आरेखनावर सरळ एक किंवा दोन मायक्रॉन क्रोम मागितले तर भाग अधिक टिकणार नाही का? दुसरी शंका हँडलची: खोबणीतला पिवळा पट्टा आणि पृष्ठभागावरचे फोड हा एकच दोष आहे की दोन?

निकेल_क्रोम

पहिल्या शंकेचे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. क्रोमचा थर साचतानाच त्यात ताण निर्माण होतो. शोभेच्या नेहमीच्या द्रावणात थर सुमारे अर्ध्या मायक्रॉनच्या पुढे गेला की त्या ताणाने मोठ्या, अनियमित भेगा पडतात. वर सांगितलेल्या नियंत्रित सूक्ष्म भेगांशी त्यांचे काही साम्य नाही. या भेगा मोजक्या असतात, म्हणजे गंजाला पुन्हा मोजक्या जागा मिळतात. जादा जाडी हवीच असेल तर ती निकेलमध्ये मागावी.

हँडलचे दोष दोन आहेत आणि दोहोंची कारणे निराळी आहेत. पिवळा पट्टा म्हणजे तेथे क्रोम बसलेच नाही, उघडे निकेल दिसते आहे. हेक्साव्हॅलंट (षट्संयुजी क्रोमियमच्या) द्रावणात, म्हणजे लिटरला सुमारे २५० ग्रॅम क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याएवढे सल्फेट असलेल्या नेहमीच्या द्रावणात, दिलेल्या विजेपैकी जेमतेम १० ते २० टक्के वीज धातू साचवण्याच्या कामी येते आणि उरलेली बहुतांशी हायड्रोजन वायू सोडण्यात जाते. विद्युतप्रवाहाची घनता एका मर्यादेखाली गेली की क्रोम अजिबात साचत नाही. खोबणीत प्रवाह कमी पोचतो, म्हणून ती पिवळी राहते. प्रवाह वाढवून ती भरायला गेलो तर बाहेरच्या टोकदार कडा करड्या पडतात, ज्याला आम्ही ‘जळणे’ म्हणतो. सहायक ॲनोड, म्हणजे खोबणीजवळ प्रवाह पोचवणारा जादा धन ध्रुव, लावून काही भाग साधतो, पण आपल्या हातातला उपाय त्याहून सोपा आहे: खोबणी रुंद आणि उथळ करा, आतल्या कोपऱ्यांना व बाहेरच्या कडांना भरपूर गोलाई द्या. ट्रायव्हॅलंट द्रावण अशा कोनाड्यांत बरेच अधिक चांगले पोचते, हेही लक्षात घ्यावे.

फोडांचा उगम बहुधा ओतकामात किंवा तांब्यात आहे. झिंक डाय-कास्टिंगचे बाहेरचे कवच घट्ट असते आणि त्याखाली वायूची सूक्ष्म छिद्रे असू शकतात. साच्याची रेघ घालवण्यासाठी बफिंग जास्त झाले की कवच झिजते, छिद्रे उघडी पडतात, त्यांत टाकीतले द्रावण अडकते आणि पुढे तेच फोड बनून वर येते. दुसरी शक्यता तांब्याचा पहिला थर अपुरा असण्याची. निकेलचे आम्लयुक्त द्रावण झिंकवर थेट हल्ला करते, म्हणून त्याआधी सायनाइडयुक्त किंवा दुसऱ्या अल्कधर्मी द्रावणातून अखंड तांबे चढवावेच लागते. खोबणीत तेही पातळ राहते. एक साधी परीक्षा सुचवतो: हँडल १५० अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून खोलीच्या तापमानाच्या पाण्यात बुडवा. चिकटाई कच्ची असेल तर फोड किंवा पापुद्रे तिथेच दिसतील, तीन महिने थांबावे लागणार नाही. पितळेच्या मुठीसाठी हेच तापमान २५० अंश आहे.

परीक्षक

रंगाच्या तफावतीबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. माझे काम मालाच्या तपासणीचे आहे.

वर्णनावरून आपली मूठ हेक्साव्हॅलंट आणि चौकट ट्रायव्हॅलंट द्रावणातून आलेली असावी. दोन्हींत वर बसणारा थर धातुरूप क्रोमियमचाच असतो, परंतु ट्रायव्हॅलंट थरात थोडा कार्बन आणि द्रावणानुसार इतर मूलद्रव्येही येतात, त्यामुळे तो किंचित गडद आणि उबदार झाकेचा दिसतो. क्लोराइडवर आधारलेल्या द्रावणांत हा फरक अधिक जाणवतो, सल्फेटवर आधारलेली द्रावणे हेक्साव्हॅलंटच्या निळसर रंगाच्या बरीच जवळ जातात. दोन्ही स्वतंत्रपणे पाहिल्यास उत्तम दिसतात. अडचण शेजारी ठेवल्यावरच येते. म्हणून माझा आग्रह असा की, शेजारी बसणारे सर्व भाग एकाच प्रकारच्या द्रावणातून यावेत, आणि मान्य केलेला नमुना व त्याचे रंगमापकावरचे आकडे दोन्ही पक्षांकडे असावेत. दिव्याखालची नजर पुरेशी नाही, याचा अनुभव आपण घेतलाच आहे.

कोणते द्रावण निवडावे, याविषयी माझे मत ठाम आहे. हेक्साव्हॅलंट क्रोमियमची संयुगे माणसात कर्करोगाला कारणीभूत ठरतात असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे वर्गीकरण आहे. युरोपीय संघात क्रोमियम ट्रायऑक्साइड २१ सप्टेंबर २०१७ नंतर अधिकृत परवानगीशिवाय वापरता येत नाही. हा धोका तयार वस्तू हाताळणाऱ्याला नाही, कारण वस्तूवर धातूच असतो. धोका टाकीशेजारी उभे राहून द्रावणाचे तुषार श्वासात घेणाऱ्या कामगाराला आणि सांडपाणी जिथे जाते त्या परिसराला आहे. वापरणाऱ्याला फरक पडत नाही म्हणून हा प्रश्न आरेखकाचा नाही असे कित्येकदा ऐकू येते, ते मला मुळीच पटत नाही. नव्या वस्तूसाठी तिन्ही भाग ट्रायव्हॅलंटमध्ये मागावेत. खोबणीची अडचणही त्याने हलकी होईल.

प्लास्टिकच्या चौकटीबद्दल एक सावधगिरी. एबीएसवर थर टिकतो तो त्यातील रबरासारखे ब्युटाडाइनचे कण आम्लाने कोरून काढल्यामुळे पडलेल्या सूक्ष्म खळग्यांत. त्यात पॅलेडियमचे कण रुजवून विजेविना निकेल किंवा तांबे साचवतात आणि मग नेहमीचे थर चढतात. तापल्यावर एबीएस तांब्यापेक्षा चार-पाच पट अधिक पसरते, म्हणून मधला तांब्याचा लवचिक थर जाड ठेवणे अत्यावश्यक आहे. या भागांची उष्ण-थंड चक्रांची चाचणी मागितल्याशिवाय माल स्वीकारू नये.

आरेखक

आता चित्र पुष्कळ स्पष्ट झाले. हँडलसाठी मी असे लिहू इच्छिते: ‘मूळ धातू झिंक मिश्रधातू, तांबे किमान १० मायक्रॉन, ब्राइट निकेल किमान १५ मायक्रॉन, ट्रायव्हॅलंट साधे क्रोम किमान ०.३ मायक्रॉन, रंग मान्य नमुन्यानुसार, १५० अंशांची तापवणी-परीक्षा.’ मूठ आणि चौकटीसाठी याच धर्तीवर, मूळ पदार्थानुसार बदल करून. यात काही राहिले आहे का?

निकेल_क्रोम

घरातल्या वापरासाठी थर योग्य आहेत. धातूवरच्या भागांना आयएसओ १४५६ आणि प्लास्टिकच्या चौकटीला आयएसओ ४५२५ या मानकांचा हवाला द्यावा, म्हणजे मोजण्याच्या पद्धतींवर वाद होणार नाही.

एक महत्त्वाची गोष्ट राहिली आहे. ‘किमान १५ मायक्रॉन’ हे कुठे मोजायचे? कडेवर निकेल नेहमीच जाड बसते आणि कोनाड्यात पातळ. कडेवर मोजून आकडा दाखवणारा पुरवठादार खोटे बोलत नसतो, पण आपला भाग मात्र खोबणीत गंजतो. आयएसओ १४५६ मध्ये यासाठी एक सोपी व्याख्या आहे: दर्शनी पृष्ठभागाच्या ज्या जागेला २० मिलिमीटर व्यासाचा गोल (चेंडू) स्पर्श करू शकतो, तेथे किमान जाडी मिळालीच पाहिजे. गोल पोचत नाही त्या जागेची जाडी हवी असेल तर ती वेगळी ठरवून लिहावी लागते. हँडलच्या आरेखनावर दर्शनी पृष्ठभाग जाड तुटक रेषेने दाखवा, टाकीत भाग ज्या रॅकवर टांगतात त्याचा चिमटा कुठे लागलेला चालेल ती जागाही खुणेने दाखवा, आणि खोबणीत तो गोल बसतो का ते साचा कापण्याआधी संगणकावरच तपासून घ्या.

आरेखक

तपासले. खोबणी १४ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे गोल आत शिरत नाही. ती २४ मिलिमीटर करून, खोली निम्मी करून नवे आरेखन उद्या साचेकाराकडे पाठवते आहे.